कोरोनानंतरच्या अँटीबॉडी: आप्पांच्या तीन रिपोर्टांचा अर्थ

यावल तालुक्यातल्या एका शिक्षिका ताईंनी वडिलांचे तीन रिपोर्ट पाठवले आहेत. हकिकत थोडक्यात अशी. आप्पा आता ७१ वर्षांचे, केळीचे शेतकरी, मधुमेह आहे. एप्रिल २०२१ मध्ये कोरोना झाला, आठ दिवस ऑक्सिजनवर होते. ८ जून २०२१ ला अँटीबॉडी (विषाणूला पकडणारी रक्तातली प्रथिनं) तपासल्या तर आकडा आला २८४०. घरात सगळ्यांना हायसं वाटलं आणि 'एवढ्या अँटीबॉडी आहेत तर लशीची घाई कशाला' म्हणून लस पुढे ढकलली. १५ नोव्हेंबर २०२१ ला दुसऱ्या लॅबमध्ये तपासलं तर १६८. मग घाबरून डिसेंबरात कोविशिल्डचा पहिला आणि मार्च २०२२ मध्ये दुसरा डोस घेतला. मे २०२५ मध्ये कोरोनाच्या बातम्या पुन्हा सुरू झाल्यावर तिसऱ्या लॅबमध्ये तपासणी केली. त्यात ०.६ आणि खाली ठळक अक्षरात 'निगेटिव्ह'. ताईंचे प्रश्न असे: २८४० वरून शून्यावर आलो का? लस वाया गेली का? आप्पांना पुन्हा घरात बसवायचं का?

ताई, आधी जीव भांड्यात पडू द्या. आप्पांच्या रक्तात काही बिघडलेलं नाही. हे तीन आकडे एका ओळीत लिहून त्यांची वजाबाकी करता येत नाही, आणि रिपोर्ट देताना हे कुणीतरी तुम्हाला सांगायला हवं होतं. मी जळगावात बावीस वर्षं पॅथॉलॉजीची लॅब चालवतो. २०२० ते २०२२ या काळात असे रिपोर्ट हातात घेऊन रडवेली झालेली माणसं इतकी पाहिली आहेत की या प्रश्नाला दोन ओळींत उत्तर देणं मला जमणार नाही.

तिन्ही कागद शेजारी ठेवा आणि आकड्याच्या पुढे बारीक अक्षरात काय लिहिलंय ते वाचा. पहिल्या रिपोर्टवर 'एयू प्रति मिली' आहे. दुसऱ्यावर 'यू प्रति मिली'. तिसऱ्यावर एककच नाही, नुसता 'इंडेक्स' आहे. पहिला आकडा किलोत, दुसरा मणात, आणि तिसरं माप तर वेगळ्याच मालाचं. बाजार समितीत कुणी असा हिशेब मांडला तर आप्पा त्याला तिथल्या तिथे थांबवतील.

पहिली तपासणी ज्या पद्धतीची आहे तिच्यात ५० च्या वर आकडा गेला की पॉझिटिव्ह म्हणतात, आणि मोजपट्टी ४०,००० पर्यंत जाते. दुसरी ज्या पद्धतीची आहे तिच्यात ०.८ च्या वर गेलं की पॉझिटिव्ह. म्हणजे १६८ हा आकडा त्या पट्टीवर सीमारेषेच्या २०० पटींहून जास्त आहे. हा घोळ जगभर होता. म्हणून जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर २०२० मध्ये एक प्रमाण नमुना ठरवून दिला आणि 'बीएयू' नावाचं सामायिक एकक आणलं. पहिल्या पद्धतीचा आकडा ०.१४२ ने गुणला की बीएयू मिळतात. दुसऱ्या पद्धतीत एक यू म्हणजे जवळजवळ एक बीएयू, नेमकं सांगायचं तर १.०२९.

आता गुणाकार करा. २८४० चे झाले ४०३ बीएयू. १६८ चे झाले १७३. तुम्हाला वाटलं होतं की पाच महिन्यांत आकडा सतरा पट घसरला. प्रत्यक्षात तो निम्म्याहून थोडा खाली आला. तेही 'साधारण' म्हणायचं, कारण दोन कंपन्यांची किटं विषाणूच्या बाहेरच्या काट्याविरुद्धच्या अँटीबॉडी मोजत असली तरी त्या काट्याचे अगदी तेच भाग वापरतात असं नाही, आणि नुसत्या गुणाकाराने ती तंतोतंत जुळत नाहीत. पण अंदाजासाठी पुरे.

तिसरा रिपोर्ट वेगळाच आहे. कोरोनाच्या विषाणूवर बाहेरून काटे असतात, ते स्पाइक प्रथिन. आत त्याच्या जनुकीय धाग्याला गुंडाळून एक दुसरं प्रथिन असतं, त्याला न्यूक्लिओकॅप्सिड म्हणतात, आम्ही लॅबमध्ये नुसतं 'एन' म्हणतो. आप्पांच्या पहिल्या दोन तपासण्या काट्याविरुद्धच्या अँटीबॉडींच्या होत्या, तिसरी एनविरुद्धच्या. त्या किटची रेषा १.४ वर आहे, आप्पांचा इंडेक्स ०.६, म्हणून निगेटिव्ह. एनविरुद्धच्या अँटीबॉडी काट्याविरुद्धच्या अँटीबॉडींपेक्षा लवकर उतरतात, आणि या विशिष्ट पद्धतीच्या किटमध्ये तर बऱ्याच जणांचा रिपोर्ट सहा-आठ महिन्यांतच रेषेखाली जायचा. कोविशिल्डमध्ये फक्त काट्याचा नमुना आहे, एन त्यात नाहीच. त्यामुळे कोविशिल्डचे कितीही डोस घेतले तरी या तपासणीत काडीचाही फरक दिसणार नाही. (कोव्हॅक्सिन घेतली असती तर गोष्ट वेगळी. त्यात अख्खा मारलेला विषाणू असतो, त्यामुळे एनविरुद्धही थोड्याफार अँटीबॉडी बनतात.) लशीचा परिणाम जिथे दिसूच शकत नाही तिथे पाहून तुम्ही लस वाया गेली असं ठरवलंत. चूक तुमची नाही. काउंटरवर 'अँटीबॉडी टेस्ट' इतकंच मागितलं जातं, आणि कोणती हवी हे विचारायला पलीकडच्याला वेळ नसतो.

आता मुख्य मुद्दा. आकडा निम्म्यावर तरी का आला? तो उतरतो म्हणजे संरक्षण संपतं का?

विषाणू शरीरात शिरल्यावर, ताप आल्यापासून पाच-सात दिवसांनी आयजीएम जातीच्या अँटीबॉडी दिसू लागतात. पाठोपाठ, बहुतेकांमध्ये दोन आठवड्यांच्या आत, आयजीजी येतात. तीन ते पाच आठवड्यांच्या सुमारास त्या सर्वांत जास्त असतात. या घाईच्या काळात अँटीबॉडी बनवणाऱ्या प्लाझ्मा पेशी रोजंदारीच्या मजुरांसारख्या: मोठ्या संख्येने येतात, जीव तोडून काम करतात आणि काही दिवसांत मरून जातात. त्या गेल्या की आकडा झपाट्याने खाली येतो. हे असंच व्हायला हवं. प्रत्येक आजारानंतर त्या शिखरावरच्या अँटीबॉडी आयुष्यभर रक्तात फिरत राहिल्या असत्या तर आपलं रक्त पाकासारखं घट्ट झालं असतं.

जुलै २०२० मध्ये अमेरिकेतल्या ३४ रुग्णांवरचा एक छोटा अभ्यास आला होता. सौम्य आजार झालेल्यांच्या अँटीबॉडी साधारण ३६ दिवसांत निम्म्या होतात, असं त्यात होतं. टीव्हीवर लगेच हिशेब सुरू झाले की वर्षभरात सगळं संपणार. मलाही तेव्हा धास्ती वाटली होती. पण त्या अभ्यासाने फक्त शिखरावरून उतरतानाची पहिली घसरण पाहिली होती. सातपुड्याचा घाट उतरताना पहिल्या दोन वळणांचा उतार पाहून पुढे तापीकाठापर्यंत तसाच कडा आहे असं म्हणण्यासारखं ते झालं. पुढे महिनोन् महिने मोजत गेलेले अभ्यास आले तेव्हा दिसलं की पहिल्या उतारानंतर वाट बरीच सपाट होते. आइसलँडमध्ये बऱ्या झालेल्यांची तपासणी झाली. त्यांच्यातल्या ९१ टक्के लोकांमध्ये अँटीबॉडी सापडल्या आणि निदानानंतर चार महिने त्या घसरल्या नाहीत.

आता आप्पांच्याच आकड्यांवर एक हिशेब करून दाखवतो. माझ्या मते तुमच्या सगळ्या प्रश्नांचं खरं उत्तर यात आहे.

आयजीजीचा एक रेणू रक्तात फार दिवस जगत नाही. साधारण २१ दिवसांत असलेल्यातले निम्मे मोडून जातात. ८ जून ते १५ नोव्हेंबर म्हणजे १६० दिवस. २१ ने भागा, साडेसात वेळा 'निम्मे' झाले. समजा ८ जूननंतर आप्पांच्या शरीराने एकही नवी अँटीबॉडी बनवली नसती, तर ४०३ चे २०१, मग १०१, मग ५०, मग २५, असं करत नोव्हेंबरात दोन-सव्वादोन बीएयू उरायला हव्या होत्या. प्रत्यक्षात किती होत्या? १७३.

त्या कुठून आल्या? कापलेला केळीचा घड घरात किती टिकतो हे आप्पांना विचारा. पाच महिन्यांपूर्वी कापणी झाली आणि आज ओट्यावर हिरवागार घड दिसतोय, तर तो जुना असूच शकत नाही. कुठेतरी बाग चालू आहे. नोव्हेंबरमध्ये आप्पांच्या रक्तात सापडलेली जवळजवळ प्रत्येक अँटीबॉडी नव्याने, त्या महिन्या-दोन महिन्यांत बनलेली होती. तोवर लशीचा एकही डोस झालेला नव्हता. म्हणजे एप्रिलमधल्या आजाराने शरीरात जी कायमची बाग लावली ती तेव्हा फळत होती. ज्या आकड्याने तुमच्या घरात धडकी भरली तो आकडा खरं तर हे सांगत होता.

ही बाग कुठे असते? हाडांच्या मगजात. अमेरिकेत सेंट लुईस इथल्या वॉशिंग्टन विद्यापीठातल्या संशोधकांनी, ज्यांना बहुतेक करून सौम्य कोरोना झाला होता अशा लोकांच्या कमरेच्या हाडातून मगज काढून पाहिला. ही सुई टोचून घेणं सोपं नाही. मी ती तपासणी इतक्या रुग्णांवर केली आहे की कुणी निव्वळ संशोधनासाठी तिला तयार झालं हे वाचून मला त्या माणसांबद्दल आदर वाटला. आजारानंतर सुमारे सात महिन्यांनी १८ जणांचा मगज तपासला, त्यातल्या १५ जणांमध्ये कोरोनाच्या काट्याविरुद्ध अँटीबॉडी बनवणाऱ्या दीर्घायुषी प्लाझ्मा पेशी निवांत बसलेल्या सापडल्या. हे मे २०२१ मध्ये प्रसिद्ध झालं, म्हणजे आप्पा ऑक्सिजनवरून उतरून घरी आले त्याच सुमारास. या पेशी विभागत नाहीत, धावपळ करत नाहीत. एका जागी बसून थोड्या थोड्या अँटीबॉडी सोडत राहतात. रिपोर्टवरचा सपाट झालेला आकडा म्हणजे त्यांचं रोजचं उत्पादन.

याशिवाय दुसरी एक व्यवस्था असते, तिचा तर रक्तातल्या अँटीबॉडीच्या आकड्याशी संबंधच नाही. केळीचा घड कापला की मूळ झाडाचं काम संपतं, पण बुडाशी पील, म्हणजे फुटलेलं नवं रोप, उभं असतं. पिलबाग धरणाऱ्याला हे सांगायला नको. तसं आजार सरल्यावर शरीरात स्मृतिपेशी उरतात. त्या स्वतः अँटीबॉडी सोडत बसत नाहीत, म्हणून कोणत्याही लॅबच्या रिपोर्टवर येत नाहीत. तोच विषाणू पुन्हा दिसला की त्या काही दिवसांत वाढतात आणि नव्याने अँटीबॉडीचा लोंढा सोडतात. कॅलिफोर्नियातल्या ला होया संस्थेने आठ महिन्यांपर्यंत मोजमाप केलं. काट्याविरुद्धच्या या स्मृती बी-पेशी आजारानंतर पहिल्या महिन्यापेक्षा सहाव्या महिन्यात जास्त होत्या. इकडे अँटीबॉडीचा आकडा उतरत होता, तिकडे स्मृतिपेशी वाढत होत्या. त्यांची धारही वाढते. सहा महिन्यांनी त्यांच्याकडून बनणाऱ्या अँटीबॉडी पहिल्या महिन्यातल्यांपेक्षा विषाणूला जास्त घट्ट आणि जास्त प्रकारांना पकडतात, असंही दुसऱ्या अभ्यासातून दिसलं.

आणि टी-पेशी. लागण झालेल्या पेशी शोधून मारणं हे त्यांचं काम. २००३ च्या सार्सच्या साथीतून बरे झालेल्या लोकांमध्ये त्या विषाणूला ओळखणाऱ्या टी-पेशी १७ वर्षांनीही सापडल्या. जळगावातच काय, मुंबईतल्या नेहमीच्या लॅबमध्येही त्या मोजून मिळत नाहीत, म्हणून त्यांच्याबद्दल कुणी बोलत नाही.

इथे माझी एक चूक सांगतो, कारण ती तुमच्या तिसऱ्या रिपोर्टशी जोडलेली आहे. ऑगस्ट २०२० मध्ये पारोळ्याकडचे एक म्हातारे शेतकरी आले होते. जूनमध्ये घरात सगळ्यांना ताप येऊन गेला होता, वास गेला होता, तपासणी कुणाचीच झाली नव्हती. अँटीबॉडीचा रिपोर्ट मी त्यांच्या हातात दिला, निगेटिव्ह. त्यांनी विचारलं, "डॉक्टरसाहेब, मन्हं रगत चांगलं शे का?" मी म्हणालो, रक्त चांगलं आहे, तुम्हाला कोरोना झालेलाच नव्हता. हे बोलायचा मला काहीही अधिकार नव्हता. आजार सौम्य, मधे दहा आठवडे गेलेले, किट एनविरुद्धच्या अँटीबॉडी शोधणारं. चीनमधून जून २०२० मध्येच अहवाल आला होता की लक्षणं नसलेल्यांपैकी ४० टक्के आणि लक्षणं असलेल्यांपैकी सुमारे १३ टक्के लोकांच्या आयजीजी आठ आठवड्यांत निगेटिव्ह होतात. मी तो वाचला होता, पण त्या क्षणी डोक्यात आला नाही. 'सापडल्या नाहीत' इतकंच मी म्हणायला हवं होतं. वास गेलेल्या माणसाला आजार झालाच नाही असं सांगून मी त्यांचा स्वतःच्या अनुभवावरचा विश्वास काढून घेतला. त्यानंतर माझ्या लॅबच्या प्रत्येक निगेटिव्ह रिपोर्टखाली मी एक ओळ मराठीत छापायला सुरुवात केली: 'याचा अर्थ पूर्वी आजार झाला नव्हता असा होत नाही.'

आजाराची तीव्रता आणि अँटीबॉडी यांचं नातं पुष्कळांना उलटं वाटतं. ज्याला जास्त त्रास झाला त्याच्या अँटीबॉडी सहसा जास्त असतात, कारण विषाणू जास्त होता आणि जास्त दिवस राहिला. आप्पांचा ४०३ हा आकडा 'प्रतिकारशक्ती जबरदस्त' असल्याचं प्रशस्तिपत्र नव्हतं, आठ दिवस ऑक्सिजनवर काढल्याची ती खूण होती. घरातल्या ज्याला फक्त एक दिवस अंग दुखलं त्याच्या अँटीबॉडी कमी आल्या, म्हणून तो कमजोर ठरत नाही.

एप्रिल २०२१ ची प्लाझ्मासाठीची (बऱ्या झालेल्यांच्या रक्तातला अँटीबॉडी असलेला द्रव रुग्णाला देत) धावपळ तुम्हाला आठवत असेल. मोबाइलवर दर पाच मिनिटांनी निरोप: 'बी पॉझिटिव्ह प्लाझ्मा हवा'. माणसं धुळ्याहून जळगावला, जळगावहून नाशिकला गाड्या घेऊन धावत होती. त्याच्या सहा महिने आधी, ऑक्टोबर २०२० मध्ये, आयसीएमआरने (देशाची वैद्यकीय संशोधन परिषद) ३९ रुग्णालयांतल्या ४६४ रुग्णांवर केलेल्या चाचणीचे निष्कर्ष छापून आले होते. प्लाझ्मा दिल्याने आजार वाढणं किंवा मृत्यू टळत नव्हता. बऱ्या झालेल्यांच्या अँटीबॉडीत एवढी तफावत असते की एकाच्या पिशवीत भरपूर आणि दुसऱ्याच्या पिशवीत नावाला, आणि रुग्ण रुग्णालयात येईपर्यंत त्याच्या स्वतःच्याच अँटीबॉडी बनायला लागलेल्या असतात. १७ मे २०२१ ला प्लाझ्मा अधिकृत उपचारपद्धतीतून काढला गेला. तोवर आपल्याकडे किती घरांनी उसनवारी केली, दागिने मोडले, हे आठवलं की मला अजून त्रास होतो.

मग संरक्षण नेमकं किती टिकतं? इथे गोड बोलून चालणार नाही. दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पुन्हा लागण होणं ही एक. पुन्हा गंभीर आजारी पडणं ही दुसरी.

लागण अडवायची तर विषाणू नाका-घशात पोचतो त्या क्षणी तिथे पुरेशा अँटीबॉडी हजर लागतात. आकडा उतरला की हे संरक्षण खरंच कमी होतं. सर्दी करणारे चार जुने कोरोना विषाणू आहेत, ते याच कारणाने आपल्याला पुन्हा पुन्हा गाठतात. अ‍ॅमस्टरडॅममध्ये १० निरोगी पुरुषांच्या १९८५ पासून साठवलेल्या रक्तनमुन्यांवरून दिसलं की या विषाणूंची दुसरी लागण साधारण १२ महिन्यांनी सर्रास होते. गोवर एकदा झाला की जन्मभर नाही. कोरोना त्या जातीचा नाही.

गंभीर आजार टाळायला मात्र हाताशी वेळ असतो. विषाणू घशातून फुप्फुसात उतरून तिथे नासधूस करेपर्यंत आठवडाभर जातो. तेवढ्यात स्मृतिपेशी आणि टी-पेशी कामाला लागतात. २०२१ मध्ये लशींच्या सात चाचण्या आणि बऱ्या झालेल्यांची माहिती एकत्र करून केलेल्या विश्लेषणात असं निघालं की लागणीपासून निम्मं संरक्षण मिळायला नुकत्याच बऱ्या झालेल्या माणसाच्या सरासरीच्या २० टक्के निष्प्रभ करणाऱ्या अँटीबॉडी लागतात, आणि गंभीर आजारापासून तेवढंच संरक्षण मिळायला अवघ्या ३ टक्के.

मग नोव्हेंबर २०२१ च्या अखेरीस ओमिक्रॉन आला. काट्याचा आकारच इतका बदललेला की जुन्या अँटीबॉडींपैकी बऱ्याच त्याला चिकटेनात. ब्रिटनमध्ये आरोग्य कर्मचाऱ्यांच्या मोठ्या अभ्यासात ओमिक्रॉनपूर्वी एकदा कोरोना होऊन गेलेल्यांना पुन्हा लागण होण्याचा धोका ८४ टक्क्यांनी कमी दिसला होता. कतारमधल्या अभ्यासात ओमिक्रॉनविरुद्ध हेच संरक्षण ५६ टक्क्यांवर आलं. पण त्याच अभ्यासात गंभीर आजारापासूनचं संरक्षण सुमारे ८८ टक्के टिकलं. जानेवारी २०२२ मध्ये आपल्याकडे घरोघरी ताप-खोकला होता, तरी एप्रिल २०२१ सारख्या रांगा लागल्या नाहीत, त्यामागे हेही एक मोठं कारण.

आपला जिल्हा या मोजमापात सुरुवातीपासून होता. आयसीएमआरच्या पहिल्या सिरो सर्वेक्षणासाठी (किती जणांच्या रक्तात अँटीबॉडी आहेत हे पाहायला), मे-जून २०२० मध्ये, देशातले ७० जिल्हे निवडले होते. महाराष्ट्रातल्या सहांमध्ये जळगाव होता. देशभरात तेव्हा प्रौढांत १ टक्क्याहून कमी, ०.७३ टक्के, लोकांमध्ये अँटीबॉडी सापडल्या. जून-जुलै २०२१ च्या चौथ्या फेरीत ६७.६ टक्के. मधे दोन लाटा आणि लसीकरण. आज आपल्यातला बहुतेक प्रत्येक माणूस या विषाणूला लागणीतून, लशीतून किंवा दोन्हीतून ओळखतो. म्हणून २०२५ च्या बातम्या ऐकून २०२१ आठवणं स्वाभाविक असलं तरी मे २०२५ मधलं आप्पांचं शरीर एप्रिल २०२१ मधलं नाही. तेव्हा त्यांना हा विषाणू पूर्ण अनोळखी होता.

लशीबद्दल. ती वाया तर गेली नाहीच. आधी आजार होऊन गेलेल्या माणसाला लस दिली की स्मृतिपेशी जोरात उठतात, आणि एकाच डोसनंतर अँटीबॉडी आजारानंतरच्या शिखराच्याही कितीतरी वर जातात. आजार अधिक लस हे संरक्षण निव्वळ आजार किंवा निव्वळ लस यांच्यापेक्षा रुंद आणि टिकाऊ असतं. तुमची चूक एकच झाली: जूनचा आकडा पाहून लस थांबवली. मे २०२१ मधली केंद्राची सूचना बरं झाल्यावर तीन महिन्यांनी लस घ्या अशी होती. आप्पांची जुलैअखेर लस व्हायला हवी होती, झाली डिसेंबरात. त्या मधल्या काळात मधुमेह असलेला ६७ वर्षांचा माणूस एका आकड्याच्या भरवशावर राहिला. काही वाईट झालं नाही. पण अँटीबॉडीच्या रिपोर्टवरून लस घ्यायची की नाही हे ठरवायचं नसतं, हे तेव्हाही सांगितलं जात होतं. इतका आकडा म्हणजे सुरक्षित आणि त्याखाली असुरक्षित, अशी एका माणसासाठी वापरता येईल अशी रेषा कुणीही आखू शकलेलं नाही. अमेरिकेच्या औषध नियामकाने मे २०२१ मध्ये लेखी बजावलं होतं की लशीनंतरची प्रतिकारशक्ती ठरवायला या तपासण्या वापरू नका.

मग ही तपासणी निरुपयोगी आहे का? नाही. २०२१ च्या मे-जूनमध्ये ताप, पुरळ, लाल डोळे, पोटदुखी घेऊन मुलं यायची. पीसीआर निगेटिव्ह, अँटीबॉडी भरपूर. कोरोना होऊन गेल्यावर दोन ते सहा आठवड्यांनी मुलांमध्ये होणारी ती दाहाची प्रतिक्रिया होती. अँटीबॉडीच्या रिपोर्टमुळे बालरोगतज्ज्ञांना दिशा मिळाली आणि मुलं वाचली. किडनी बदललेल्या किंवा प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं चालू असलेल्या रुग्णाच्या डॉक्टरांनाही कधी ती लागते. सर्वेक्षणाला लागते. आप्पांना लागत नाही. पुन्हा करू नका, त्या पैशांत त्यांची एचबीए१सी करा. तीन महिन्यांची सरासरी साखर किती आहे हा आकडा आज त्यांच्या बाबतीत अँटीबॉडीच्या कोणत्याही आकड्यापेक्षा जास्त सांगेल. वाढलेल्या साखरेत शरीराच्या संरक्षण पेशी मंदावतात, आणि ती आपल्या हातात आहे, अँटीबॉडीचा आकडा नाही.

घरात बसवू नका. पहाटे बागेत जाऊ द्या, उघड्यावर धोका नगण्य आहे. लग्नाच्या बंद हॉलमध्ये, भरलेल्या एसटीत किंवा दवाखान्यात जाताना मास्क लावायला सांगा. घरी कुणाला सर्दी-ताप असेल तर त्याने आप्पांच्या खोलीत निजू नये, हे मास्कपेक्षाही जास्त कामाचं. फ्लूची लस दरवर्षी घ्या. कोरोनाच्या पुढच्या डोसबद्दल त्यांच्या नेहमीच्या फिजिशियनशी बोला. त्यांनी वय, साखर आणि शेवटचा डोस कधी झाला हे पाहून ठरवावं, हे तीन रिपोर्ट पाहून नव्हे.

ताप आलाच तर 'आधी होऊन गेलाय' म्हणून चार दिवस अंगावर काढू नका. पहिल्या दोन दिवसांत तपासणी करा, कारण औषधांचा उपयोग असतो तो सुरुवातीलाच. २०२१ मधला ऑक्सिमीटर घरात असेल तर त्याचे सेल बदलून ठेवा. आप्पांना ओसरीत सहा मिनिटं चालवायचं आणि मग बोट लावायचं. आकडा ९४ च्या खाली गेला, किंवा बसल्या जागी जेवढा होता त्यापेक्षा चालल्यावर चार अंकांनी उतरला, तर मला किंवा कुणालाही फोन करून विचारत बसू नका, गाडी काढा.